टोलचा ताळेबंद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा टोल २०३० मध्ये संपणार की घाटातल्या नव्या बोगद्यांच्या खर्चासाठी २०४५ पर्यंत चालू राहणार, हा विषय निघाला की महाराष्ट्रातली चर्चा लगेच दोन ठरलेल्या बाजूंना जाऊन उभी राहते. एक बाजू म्हणते की टोल ही उघड लूट आहे, सगळे नाके बंद करा. दुसरी म्हणते की चांगला रस्ता हवा असेल तर पैसे मोजा, फुकट काही मिळत नाही. पहिल्या बाजूला नाक्यावरच्या रांगेत तापलेल्या माणसाची सहानुभूती मिळते, दुसरीला अर्थशास्त्राचा आधार असल्याचा आत्मविश्वास असतो. वीस-पंचवीस वर्षे हा वाद असाच चालला आहे आणि त्यातून निष्पन्न झाले ते एवढेच की निवडणुका जवळ आल्या की काही नाके बंद होतात आणि निवडणुका झाल्या की करारांना मुदतवाढ मिळते. मूळ प्रश्नाला दोन्ही बाजू हात लावत नाहीत. या रस्त्यासाठी किती पैसे लागले, त्यातले किती फिटले, किती राहिले, आणि हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. रस्त्यासाठी खासगी पैसा आणण्याला माझा विरोध नाही. नव्या, वेगळ्या आणि प्रवाशाचा वेळ खरोखर वाचवणाऱ्या मार्गावर टोल घेण्यालाही नाही. पण टोल ही एका कर्जाची फेड आहे. कर्जाला मुद्दल असते, व्याज असते, खातेवही असते, आणि फेड पुरी झाली की खाते बंद होते. ज्या टोलकराराची खातेवही जनतेला पाहता येत नाही आणि ज्याचा शेवट फेडीशी बांधलेला नाही, तो करार सरकारने केला काय किंवा खासगी कंपनीने, दोषी आहे.

द्रुतगती मार्गाचाच इतिहास पाहू, कारण या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या गाठी त्यात सापडतात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा रस्ता खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचे ठरले आणि निविदा मागवल्या गेल्या. सर्वांत कमी निविदा रिलायन्सची होती, सुमारे ३,६०० कोटी रुपयांची. त्या वेळचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने ती नाकारली गेली, १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले, महामंडळाने रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला आणि सुमारे १,६३० कोटींत साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी रस्ता उभा राहिला. २००२ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. इथपर्यंतची गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशीच आहे, आणि ती सांगितलीही जाते. पुढची गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगते. २००४ मध्ये महामंडळाने याच रस्त्याचे आणि त्याच्या शेजारच्या जुन्या महामार्गाचे टोलवसुलीचे हक्क पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिले आणि त्याबदल्यात ९१८ कोटी रुपये घेतले. २०१९ मध्ये तो करार संपला. २०२० मध्ये नवा करार झाला, तो एप्रिल २०३० पर्यंतचा आहे, आणि त्याची रक्कम आहे ८,२६२ कोटी. त्यातले ६,५०० कोटी आगाऊ घेतले गेले.

पंधरा वर्षांचे ९१८ कोटी आणि दहा वर्षांचे ८,२६२ कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवले की टोलविरोधक लगेच घोटाळ्याचा निष्कर्ष काढतात. इथे थोडे थांबले पाहिजे. २००४ मध्ये रस्ता नवा होता, वाहतूक किती वाढेल याची खात्री कोणालाच नव्हती, आणि बऱ्याच गाड्या तेव्हा टोल वाचवण्यासाठी जुन्या घाटानेच जात होत्या. महामंडळावर मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या कर्जाचाही बोजा होता. ज्याने तेव्हा पैसे दिले त्याने धोका पत्करला होता, शिवाय दोन्ही रस्त्यांची देखभालही त्याच्याच गळ्यात होती. साधा हिशोब केला तरी दर साल १२ टक्के चक्रवाढीने ९१८ कोटींचे पंधरा वर्षांत पाच हजार कोटींच्या आसपास होतात. म्हणजे आकड्यांतली बरीचशी तफावत काळाने आणि व्याजाने समजावता येते. हे मान्य न करता जो टोलवर बोलतो, त्याचे म्हणणे पहिल्याच उलटतपासणीत कोसळते.

पण हे मान्य केल्यावरही एक गोष्ट शिल्लक उरते, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. करारात गृहीत धरलेली एकूण वसुली मुदतीच्या बरीच आधी पुरी झाली, असे माहिती अधिकारात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी महामंडळाच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. त्यावर मिळालेले उत्तर कायद्याच्या भाषेत अचूक होते: करार मुदतीचा आहे, रकमेचा नाही, २०१९ पर्यंत टोल घेण्याचा हक्क कंपनीला आहे. हे उत्तर बरोबर आहे आणि दोषही नेमका तिथेच आहे. अंदाज चुकून वाहतूक कमी भरली असती, तर कंपनीने नुकसान सोसले असते की शासनाच्या दारात मुदतवाढ मागितली असती? देशातल्या राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात या प्रश्नाचे उत्तर लिहूनच ठेवले आहे. ठरलेल्या वर्षी वाहतूक अंदाजापेक्षा एक टक्का कमी भरली तर मुदत दीड टक्क्याने वाढते, आणि एक टक्का जास्त भरली तर पाऊण टक्क्याने कमी होते. वाढीची मर्यादा वीस टक्के, घटीची दहा. तोट्याची भरपाई नफ्याच्या परतफेडीच्या दुप्पट वेगाने व्हावी, अशीच ही रचना आहे. ती कंपनीने चोरून आणलेली नाही, ती शासनाच्या छापील मसुद्यात आहे. मग दगड कोणत्या नाक्यावर मारायचा?

आगाऊ रक्कम घेऊन वसुलीचा हक्क देऊन टाकण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. पेशवाईत मामलत, म्हणजे एका मुलखाच्या वसुलीचे काम, घेणारा कमाविसदार सरकारला वसुलीच्या आधी पैसा देत असे, त्याला ‘रसद’ म्हणत, आणि त्यावर त्याला व्याजही मिळे. म्हणजे खासगी पैशावर राज्य चालवणे थोरल्या माधवरावांच्या काळातही होतेच. फरक होता तो तपासणीत. कमाविसदाराच्या शेजारी दरकदार, म्हणजे सरकारनेच नेमलेले हिशोबी अधिकारी, बसत, फडणीस आणि मुजुमदार हिशोब पाहत, आणि ते अधिकारी कमाविसदाराचे नोकर नसत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नव्हता. गावचे देशमुख-देशपांडेही आपापल्या दप्तरांतून ताळा घेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही साखळी तुटली. मामलती सर्वांत जास्त बोली देणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागल्या, मक्तेदाराने दिलेली रक्कम आधीच खर्च झालेली असे, त्यामुळे तो रयतेकडून काय आणि कसे वसूल करतो हे विचारण्याचे नैतिक बळच सरकारात उरले नाही. १८१९ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने या पद्धतीचे आणि तिने झालेल्या नासाडीचे वर्णन केले आहे. तो जेत्याचा अहवाल आहे हे लक्षात ठेवूनच तो वाचावा, पण मक्त्याच्या जाचाबद्दल मराठी माणसाची स्मृतीही वेगळे सांगत नाही. ‘मक्तेदारी’ हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ त्याला फुकट चिकटलेला नाही.

या दाखल्यातून मला खासगी माणूस वाईट असतो असे दाखवायचे नाही. रसद दोन्ही काळांत होती. एका काळात तिच्यावर ताळा घेणारा स्वतंत्र माणूस होता आणि दुसऱ्या काळात नव्हता, एवढ्यानेच रयतेचे भोग बदलले. आगाऊ रक्कम घेतलेले सरकार आपल्याच नागरिकांच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या टोलचे विक्रेते होऊन बसते. विक्रेत्याकडून खरेदीदाराची झडती घेण्याची अपेक्षा आपण कशी करणार? ६,५०० कोटी ज्या वर्षी हातात आले ते वर्ष एका सरकारचे होते. त्यापायी होणारा राग मात्र पुढच्या दोन-तीन सरकारांच्या वाट्याचा. इतका सोयीचा व्यवहार कोणत्याही पक्षाला मोहात पाडतो, आणि महाराष्ट्रात प्रत्येक पक्षाला त्याने पाडले आहे.

इथे एक अनुभव सांगतो. फास्टॅग येण्याच्या बराच आधी, एका रविवारी आम्ही तिघे मित्र एका नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर वह्या घेऊन बसलो होतो. प्रत्येक वहीत चार रकाने: कार, बस, दोन आसांचा ट्रक, त्याहून मोठा ट्रक. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा जुड्या बांधत सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत आम्ही वाहने मोजली. टपरीवाल्याला पहिल्यांदा आम्ही कंपनीची माणसे वाटलो. खरे काय ते कळल्यावर त्याने स्वतःहून सांगितले की पहाटे दोन ते पाच मोजा, खरी वर्दळ ट्रकांची असते आणि ती तुम्ही झोपलेले असताना जाते. दुपारी पुलाखालच्या सावलीत बसून बेरजा केल्या. नंतर माहिती अधिकारात आम्ही त्याच दिवसाची, त्याच सहा तासांची नाक्यावरची अधिकृत नोंद मागितली. उत्तर यायला दोन महिने लागले, आणि ते असे होते की ही माहिती ठेकेदाराकडे असून ती त्रयस्थ पक्षाची व्यापारी माहिती आहे. आमची मोजणी बरोबर असेल किंवा चुकलेलीही असेल. पण ताळा घ्यायला दुसरी वहीच नव्हती. सार्वजनिक रस्त्यावरून, उघड्या आभाळाखाली, सगळ्या जगासमोर गेलेल्या वाहनांची संख्या ही कोणाचे व्यापारी गुपित कशी होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही कळत नाही.

आता विरोधातले सर्वांत बळकट मुद्दे घेतो. पहिला मुद्दा टोलसमर्थकांचा, आणि तो मला बराचसा पटतो. गडचिरोलीतल्या सायकलवर जाणाऱ्या शिक्षकाच्या करातून लोणावळ्याच्या घाटातला रस्ता का बांधायचा? जो वापरतो त्याने पैसे द्यावेत, हे न्याय्य आहे. टोलविरोधक यावर म्हणतात की वाहन घेताना आम्ही कर भरतो, पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर भरतो, मग तिसऱ्यांदा का? त्यांची तक्रार खोटी नाही. पण त्या करांतून गावोगावचे रस्ते, जिल्हामार्ग आणि राज्यमार्ग व्हायचे असतात, आणि तेही धड होत नाहीत. त्याच पैशातून द्रुतगती मार्गही बांधा म्हणणे म्हणजे गावाच्या रस्त्याचा पैसा शहराच्या मोटारीला द्या म्हणणे आहे. तेव्हा वापरणाऱ्याने द्यावे, हे तत्त्व मी मान्य करतो. त्या तत्त्वाची एक अट मात्र समर्थक नेहमी गाळतात. वापरणे हा जर माझा निर्णय मानायचा असेल, तर न वापरण्याची वाटही मला मोकळी असली पाहिजे. मुंबई-पुण्याच्या बाबतीत जुना महामार्ग त्याच करारात बांधला गेला आणि त्यावरही शेडुंग, वरसोली, सोमाटणे इथे नाके बसले. तळेगावच्या माणसाला पुण्याला जायला सोमाटण्याचा नाका ओलांडावा लागतो. त्याला द्रुतगती मार्गाशी काही देणेघेणे नसते. तिथल्या लोकांनी नाक्याविरुद्ध वारंवार आंदोलने केली, ती याच कारणाने. दोन्ही वाटा एकाच गल्ल्याकडे जात असतील तर तिथे वापर हा निर्णय उरत नाही, आणि मग टोलसमर्थकांचे तत्त्व त्यांच्याच हाताने मोडते.

कोल्हापूरचे प्रकरण हेच तत्त्व शहराच्या आत घेऊन गेले आणि म्हणून ते इतके पेटले. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे २२० कोटींत काँक्रिटीकरण आणि त्याबदल्यात तीस वर्षे शहराच्या वेशीवर टोल, असा तो करार होता. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले, आणि राज्यभर दाखवले गेले ते तेवढेच. पण प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे ज्या चळवळीच्या पुढे होती, तिचे खरे काम वेगळे होते. गटारी कुठे नाहीत, पदपथ कुठे अर्धवट आहेत, कामाचे मूल्य प्रत्यक्षात किती भरते, याची मोजदाद करून त्यांनी फेरमूल्यांकनाचा आग्रह लावून धरला. डिसेंबर २०१५ मध्ये टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली, तेव्हा पानसरे हयात नव्हते. फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. तो विजय मोठा होता आणि तो मोजपट्टीने मिळवलेला होता. पण ठेकेदाराचे पैसे अखेर सरकारी तिजोरीतूनच चुकते करावे लागले. करार करताना न विचारलेल्या प्रश्नाची किंमत करार मोडताना द्यावी लागली, आणि ती कोल्हापूरच्याच नव्हे, साऱ्या महाराष्ट्राच्या करदात्याने दिली.

हे लक्षात घेतले म्हणजे ‘टोलमुक्ती’च्या घोषणांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. २०१४ मध्ये लहान-लहान ४४ नाके बंद झाले. २०१५ मध्ये आणखी १२ बंद झाले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एस.टी. बस यांना सूट मिळाली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. प्रत्येक वेळी पेढे वाटले गेले. पण कराराने दिलेला हक्क सरकारने मध्येच काढून घेतला तर भरपाई द्यावी लागते, रोख तरी किंवा वाढीव मुदतीच्या रूपाने तरी. म्हणजे दहिसरला कारवाल्याचे वाचलेले पैसे चंद्रपूरच्या किराणा मालावरच्या करातून भरले जाऊ शकतात, आणि नाशिकहून भाजी घेऊन येणाऱ्या ट्रकची मात्र सुटका नाही. ज्या सायकलवरच्या शिक्षकाच्या नावाने टोलचे समर्थन केले गेले, त्याच्याच खिशातून टोलमाफीही झाली. टोलविरोधी मित्रांनी या हिशोबाला उत्तर दिले पाहिजे. मला ते अजून ऐकायला मिळालेले नाही.

दुसरा बळकट मुद्दा असा की खासगी कंपनी धोका पत्करते, म्हणून तिला नफ्याचा हक्क आहे. खरे आहे. वाहतुकीचे अंदाज चुकल्याने देशातले कितीतरी महामार्ग प्रकल्प बुडाले आणि कंपन्या देशोधडीला लागल्या. पण त्या कंपन्यांचा बहुतेक पैसा स्वतःचा नव्हता, सरकारी बँकांचा होता, आणि बुडित कर्जांच्या यादीत तो जाऊन बसला. मेक्सिकोने हे आपल्या आधी भोगले. १९८९ पासूनच्या पाच-सहा वर्षांत तिथे पन्नासाहून अधिक टोलरस्ते खासगी कंपन्यांना दिले गेले, आणि कमीत कमी मुदत मागेल त्याला काम, असा नियम ठेवला गेला. मुदत आखूड, म्हणून टोल अवाच्या सवा. टोल अवाच्या सवा, म्हणून ट्रक जुन्या रस्त्यावरच राहिले. १९९७ मध्ये सरकारला २३ रस्ते आणि त्यांची कर्जे परत ताब्यात घ्यावी लागली. खुद्द महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पाचा धडा होताच. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी झालेल्या करारात वीज घेवो न घेवो, पैसे द्यायची जबाबदारी वीज मंडळावर होती. १९९५ मध्ये प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा करून सत्तेवर आलेल्यांनी १९९६ मध्ये त्याच प्रकल्पाशी नवा करार केला, आणि २००१ मध्ये माधव गोडबोले समितीला त्या कराराची चिरफाड करावी लागली. त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. मागणीचा धोका कागदावर कंपनीचा म्हणायचा आणि प्रत्यक्षात जनतेच्या गळ्यात घालायचा, ही त्या कराराची रीत होती. टोलच्या करारांत ती ओळखायला आपल्याला एवढा वेळ का लागावा?

धोका नावालाच कंपनीचा राहतो, याचे आपल्या देशातले सर्वांत स्पष्ट उदाहरण दिल्ली-नोएडा थेट पुलाचे आहे. १९९७ च्या करारात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर दर साल २० टक्के परताव्याची हमी होती, आणि ज्या वर्षी परतावा कमी पडेल त्या वर्षीची तूट प्रकल्पखर्चातच मिळवली जाई. सुमारे चारशे कोटींच्या पुलाचा ‘खर्च’ त्यामुळे टोल भरूनही दरवर्षी वाढत गेला. जितके भराल तितके देणे वाढेल, असे हे सावकारी खाते होते, आणि गणिताने ते कधीच बंद होणारे नव्हते. नोएडाच्या रहिवाशांच्या संघटनेने दाद मागितली, अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल थांबवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या खटल्यात न्यायालयांनी खासगीकरण वाईट की चांगले यावर प्रवचन दिले नाही. त्यांनी कराराचे कलम वाचले. तेच काम आपल्या विधिमंडळाने करार होण्याआधी करायला नको का?

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो वापरूनही पाहिलेला आहे. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवरच्या पुलांचा करार मुदतीशी बांधला नव्हता, रकमेशी बांधला होता: १९८९ च्या किमतींनुसार १०२.९ कोटी पौंड वसूल झाले की पूल सरकारला परत. वाहतूक वाढली तर तारीख अलीकडे येणार, घटली तर पलीकडे जाणार. जानेवारी २०१८ मध्ये पूल परत आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोल बंद झाला. चिलीने १९९८ मध्ये सांतियागो ते वाल्पाराइसो आणि विन्या देल मार या रस्त्यासाठी निविदाच अशी काढली की व्याजाचा हिशोब धरून एकूण सर्वांत कमी वसुली जो मागेल त्याला काम. ती रक्कम भरली की करार आपोआप संपेल. अशा करारात कंपनीला वाहने लपवण्यात काही फायदा नसतो असे मी म्हणणार नाही, उलट मोजणी अधिक कडक लागते. पण सरकारला आणि नागरिकाला निदान एकच आकडा पाहायचा असतो. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्याच ब्रिटनमध्ये लंडनजवळच्या डार्टफर्डच्या पुलाचे कर्ज मुदतीआधी फिटले, २००३ मध्ये करार संपला, आणि तरीही गर्दीचे कारण सांगून सरकारने आकारणी चालूच ठेवली. करार कितीही चांगला असला तरी हाती लागलेले उत्पन्न सोडण्याची इच्छा सरकारला आपसूक होत नाही.

२०४५ चा प्रश्न इथेच येतो. खोपोली ते कुसगाव हा १३ किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा, बोगद्यांचा आणि उंच पुलांचा ‘मिसिंग लिंक’ खर्चिक आहे आणि आवश्यकही आहे. पावसाळ्यात दरड कोसळून बोरघाटात अडकून पडलेल्या कोणालाही तो पटवून द्यावा लागणार नाही. त्या खर्चासाठी टोल लागणार, हे मी मान्य करतो. माझा आक्षेप असा की जुन्या रस्त्याचे खाते कधी बंद झाले हे न सांगता नव्या तुकड्याचा खर्च त्याच वहीत ओतला, तर ती वही कधीच बंद होणार नाही. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ, या २००४ च्या सूत्राने कारचा टोल २०२० मध्ये २७० आणि २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. या ३२० रुपयांत जुन्या कर्जाचे किती, देखभालीचे किती, नव्या बोगद्याचे किती आणि आगाऊ घेतलेल्या ६,५०० कोटींच्या व्याजाचे किती, हे कोणत्या पावतीवर लिहिलेले असते? कर्ज फिटल्यावर देखभालीपुरता टोल राहिला तरी लोक तो कुरकुर न करता देतील, असा माझा विश्वास आहे. भाजीच्या पिशवीचाही हिशोब मागणारी ही माणसे आहेत. त्यांना हिशोब दिला तर ती पैसे नाकारत नाहीत.

खासगी पैसा आणि सार्वजनिक रस्ता यांची गाठ मुंबईत एकदा फार वेगळ्या रीतीनेही बांधली गेली होती. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर सरकार पूल बांधत नव्हते, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि या वाटेवर लोकांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला आणि आजही रोज लाखो माणसे त्यावरून जातात. आजच्या हजारो कोटींच्या रस्त्यांना असे दाते मिळणार नाहीत आणि मिळावेत अशी अपेक्षाही कोणी करू नये. मला त्यातला आठवावासा वाटतो तो दातृत्वाचा भाग नव्हे, अटीचा आहे. पैसा देणाऱ्या त्या बाईंनी पुलावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचे हित करारातच लिहून घेतले. आज पैसा देणारा स्वतःचे हित लिहून घेतो, घेणारे सरकार आपले पाहते, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या वतीने त्या मेजावर कोणीच बसलेले नसते.

फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून तर ‘माहिती उपलब्ध नाही’ या उत्तराला आधारच उरलेला नाही. प्रत्येक वाहनाची नोंद क्षणार्धात होते, पैसा क्षणार्धात जमा होतो. जी यंत्रणा माझ्या खात्यातून गेलेले ३२० रुपये चार सेकंदांत मला कळवते, तिला त्या नाक्यावर आज एकूण किती वाहने गेली हे रात्री बारा वाजता जाहीर करता येत नाही, हे कोण मानेल? आमच्या तीन वह्यांचे काम आता एका फलकाने होऊ शकते: मूळ रक्कम, आजपर्यंतची वसुली, देखभालीचा खर्च, उरलेली रक्कम. पेट्रोल पंपावर दर लावायची सक्ती आहे, औषधाच्या पाकिटावर किंमत छापायची सक्ती आहे. नाक्यावर हा फलक लावायची सक्ती का नसावी?

सध्याचा करार एप्रिल २०३० मध्ये संपतो. पुढच्या निविदेचा मसुदा त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी मंत्रालयात तयार होईल, सल्लागार वाहतुकीचे अंदाज देतील, आणि पुन्हा एकदा एकरकमी आगाऊ रकमेचा आकडा वर्तमानपत्रांत झळकेल. तो मसुदा मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे, वाहतुकीचे अंदाज आणि ते ज्यावर बेतले ती मोजणीही त्यासोबत आली पाहिजे, हरकतींसाठी नागरिकांना किमान नव्वद दिवस मिळाले पाहिजेत आणि विधिमंडळात कलमवार चर्चा झाल्याशिवाय त्यावर सही होता कामा नये. करार रकमेशी बांधावा, मुदतीशी नाही. जुन्या महामार्गावरचे नाके त्यातून वगळावेत. टोलविरोधी संघटनांनी आणि टोलसमर्थक तज्ज्ञांनी आपापली शक्ती आतापासून या मसुद्यावर लावावी, अशी माझी दोघांनाही कळकळीची विनंती आहे. सही झाल्यानंतरच्या आंदोलनाची किंमत काय असते ते कोल्हापूरने मोजून दाखवले आहे.